सीओटूचा फवारा आणि पोखरीचा घाट

मंचर, नारायणगाव, चाकण, कुठल्याही मोठ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात डोकावून पाहा. ट्रॉल्या, शेडचे ट्रस, गेटं जोडायला तिथे बऱ्याचदा ‘सीओटू वेल्डिंग’ चालू असतं. भिंतीला साखळीने बांधलेलं उंच सिलिंडर, तोंडाशी रेग्युलेटर आणि रेग्युलेटरच्या अलीकडे विजेवर चालणारा छोटासा हीटर. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत असतं, दुकानाचा पत्रा तापलेला असतो आणि तरीही तो हीटर चालूच असतो. बंद ठेवला तर काही वेळात रेग्युलेटरवर पांढरा बर्फ धरतो, गॅस अडखळत येतो आणि वेल्डमध्ये बारीक बारीक भोकं पडतात. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला की भोवतालची उष्णता ओढून घेतो, म्हणून हा खटाटोप.

वेल्डरला जी गोष्ट डोकेदुखी वाटते, तिच्यावरच मोटारशर्यतीच्या जगात एक धंदा उभा राहिला. टर्बो असलेल्या गाडीच्या इंटरकूलरवर कार्बन डायऑक्साइडचा फवारा मारायचा, इंजिनात जाणारी हवा गार करायची आणि गार हवेतून जास्तीची ताकद मिळवायची. अमेरिकेत ‘डीईआय’ची ‘क्रायो२’ आणि ‘नायट्रस एक्सप्रेस’ची ‘एन-टरकूलर’ अशी तयार किट्स मिळतात. आपल्याकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’च्या ड्रॅग शर्यती भरतात. ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, सरळ रेषेत काही सेकंदांत संपवायचं, असा तो खेळ. या फवाऱ्याचं खरं घर तिथे आहे.

तरीही ही वस्तू मी शिनोलीच्या रस्त्यावर आणून तपासणार आहे. घोडेगाव सोडून भीमाशंकरकडे निघालं की शिनोली लागते. पुढे डिंभे, धरणाच्या कडेकडेने जाणारी वाट, मग पोखरीचा घाट आणि तळेघर. श्रावणात आणि महाशिवरात्रीला या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. एरवी पिकअप असतात, कधी सिमेंट-सळईने भरलेल्या, कधी हिरड्याच्या पोत्यांनी, कधी वऱ्हाडाने. गाडी भरलेली, चढ उभा, वेग कमी आणि ऊन कडक. टर्बो इंजिनातली हवा सर्वांत जास्त तापते ती नेमकी अशा वेळी. ड्रॅगच्या धावपट्टीपेक्षा या घाटात गार हवेची गरज खरं तर जास्त आहे.

हवा का तापते, ते आधी पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा धूर म्हणजे फुकट जाणारी ऊर्जा. तिच्यावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, ही टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. तिचं पेटंट त्याने १९०५ साली घेतलं. पहिली अनेक वर्षं हे यंत्र जहाजं, रेल्वे आणि विमानांच्या मोठ्या इंजिनांपुरतं होतं. विकाऊ मोटारीत ते आलं १९६२ मध्ये, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या अमेरिकन गाड्यांत. गंमत म्हणजे जेटफायरमध्ये तेव्हाही गरम हवेचा त्रास होताच. त्यावर उपाय म्हणून कंपनीने गाडीत पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली होती. ती रिकामी झाली की मालकाने आठवणीने भरायची. मालक विसरत आणि गाडीची ताकद आपोआप कमी केली जाई. आपल्याकडे १९९८ ची टाटा सफारी आणि २००२ ची स्कॉर्पिओ येईपर्यंत ‘टर्बो’ आणि ‘इंटरकूलर’ हे शब्द गॅरेजात रुळले होते. आज डिझेल गाडी म्हटली की टर्बो आलाच.

टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. हवा दाबली की तापते, हे सायकलला पंपाने हवा भरणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला माहीत आहे. शिनोलीच्या भागात बाहेर ३८ अंश तापमान असताना टर्बोने हवा दुप्पट दाबली, तर टर्बोतून निघणारी हवा १३५ अंशांच्या आसपास असते. आता अडचण अशी, की तापलेली हवा विरळ असते. दाब दुप्पट झाला तरी ऑक्सिजन दुप्पट होत नाही. त्यात हा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंचावर. मुंबईच्या मानाने हवा इथे आधीच सात टक्क्यांच्या आसपास पातळ, आणि भीमाशंकरकडे चढत गेलं की आणखी पातळ.

म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये इंटरकूलर बसवतात. दिसायला रेडिएटरसारखाच, पण आत पाण्याऐवजी हवा. पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून गरम हवा जाते, नळ्यांमधल्या नागमोडी पत्र्यांवरून बाहेरचा वारा वाहतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगल्या वेगात असेल तर १३५ अंशांची हवा ६५-७० वर येते. एवढ्यानेच हवेची घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढते. साधारण हिशेब असा धरावा, की दर १० अंश कमी झाले की ३ टक्के हवा जास्त मिळते.

ताकद हा त्यातला एक भाग झाला. ज्वलनाचं तापमान वाढलं की धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड झपाट्याने वाढतात. भारत स्टेजचे नियम जसजसे कडक झाले, तसतसा इंटरकूलर साध्या पिकअपमध्येही आला. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस सहा’ लागू झाल्यावर तर इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आणि त्यावर डिझेलचं माप ठरवणारा संगणक हे सगळं गाडीसोबतच येतं.

घाटात नेमका वारा कमी पडतो. ताशी २०-२५ किलोमीटरने, दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीचं इंजिन पूर्ण जोर लावत असतं, टर्बो पूर्ण फिरत असतो आणि इंटरकूलरवरून जाणारा वारा मात्र नावापुरता. काही गाड्यांत इंटरकूलर पुढच्या जाळीमागे असतो, तिथे निदान पंख्याची थोडी मदत होते. जुन्या स्कॉर्पिओत आणि फॉर्च्युनरमध्ये तो इंजिनाच्या डोक्यावर. बोनेटवरचा तो झरोका त्यालाच वारा द्यायला असतो, नुसता रुबाबासाठी नव्हे. वेग असेल तेव्हा ही मांडणी उत्तम. घाटात मात्र खालच्या इंजिनाची धग इंटरकूलरलाच भाजते. तो तापून बसला की सपाटीवर येऊन गाडीने वेग धरेपर्यंत निवत नाही. ‘वर चढताना गाडी ओढत नाही,’ असं ड्रायव्हर म्हणतो, त्यामागचं हे एक कारण.

आता फवाऱ्याकडे. सीओटूचं सिलिंडर भरलेलं असतं तेव्हा त्यात तळाला द्रव आणि वर वायू असतो. २० अंशांना आतला दाब ५७ बारच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या पंचवीसपट. हा द्रव नोझलमधून मोकळ्या हवेत आला की त्याला द्रव राहताच येत नाही. कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात टिकायला किमान पाच बारहून थोडा अधिक दाब लागतो. त्यामुळे बाहेर पडताक्षणी काही भागाचा वायू होतो आणि उरलेल्याचा बारीक बर्फ. हाच ‘ड्राय आइस’, उणे ७८.५ अंशांचा. तो वितळत नाही, थेट वायू होऊन उडून जातो. हे कण इंटरकूलरच्या पत्र्यांवर आदळतात आणि तिथली उष्णता घेऊन उडतात. आतल्या हवेत काहीच मिसळत नाही. हा मुद्दा ठळक करायला हवा, कारण नायट्रसच्या किटशी याची नेहमी गल्लत होते. नायट्रस ऑक्साइड इंजिनाच्या आत सोडतात, तो जास्तीचा ऑक्सिजन पुरवतो. कार्बन डायऑक्साइड चुकून आत गेला तर इंजिनाचा श्वासच कोंडतो.

फवारा बसवायचा कसा, तर वरवर पाहता काम सोपं. डिकीत किंवा मागच्या सीटमागे सिलिंडर, त्यावरून स्टीलच्या जाळीने मढवलेली उच्च दाबाची नळी गाडीच्या खालून पुढे, तिथे १२ व्होल्टवर उघडझाप करणारा सॉलेनॉइड व्हॉल्व्ह आणि शेवटी इंटरकूलरच्या पुढे बारीक भोकांची चौकट. पण यातली प्रत्येक गोष्ट चुकवता येते. वेल्डिंगच्या सिलिंडरमधून सहसा वरचा वायू मिळतो. फवाऱ्याला वायू चालत नाही, तळातला द्रवच हवा. त्यासाठी आत तळापर्यंत जाणारी नळी असलेलं सिलिंडर लागतं. सिलिंडर आडवं ठेवायचं तर तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला आणि थोडं उचललेलं असावं, कारण गाडी जोरात सुटली की आतला द्रव मागे सरकतो आणि नळीचं टोक त्यातच बुडालेलं राहायला हवं. तोंड मागे केलं तर ऐन वेळी नळीतून नुसता वायू फुसफुसतो.

सॉलेनॉइड इंटरकूलरच्या जितका जवळ तितकं बरं. नाहीतर लांब नळीतला द्रव वाटेतच उकळतो. व्हॉल्व्ह साध्या एलपीजी किटचा चालत नाही, त्याचा दाब वेगळा. विजेचं कनेक्शन बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घालून, डॅशबोर्डवर एक मुख्य स्विच, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच जुळणारा दुसरा छोटा स्विच. दोन्ही जुळले तरच फवारा. चौकट इंटरकूलरला चिकटवायची नाही. फवारा पसरायला थोडं अंतर लागतं, आणि ॲल्युमिनियमच्या एकाच ठिपक्यावर उणे ७८ चा झोत मारत राहिलं तर नळ्यांचे सांधे आणि दोन्ही टोकांच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रबर यांच्यावर ताण येतो. आणखी एक खोच आहे. एअर फिल्टरचं तोंड फवाऱ्याच्या वाऱ्यात येता कामा नये. नाहीतर गार केलेल्या इंटरकूलरमधून इंजिनाला कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा मिळते आणि जे कमावलं ते त्याच वाटेने जातं.

एवढं करून हाती काय लागतं? २.२ लिटरचं डिझेल इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा ओढतं. इंटरकूलरमधून ६७ अंशांना निघणारी ही हवा आणखी २० अंशांनी खाली आणायची तर सेकंदाला सुमारे २.४ किलोजूल उष्णता काढावी लागते. एक किलो द्रव कार्बन डायऑक्साइड मोकळा होऊन पुन्हा भोवतालच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे २५० किलोजूल उष्णता पितो. म्हणजे एकही कण वाया न घालवता सेकंदाला १० ग्रॅम लागेल. प्रत्यक्षात बराचसा फवारा वाऱ्यावर उडून जातो. अर्धाच उपयोगी पडला असं धरलं, तर सेकंदाला २० ग्रॅम. दुकानं-ऑफिसांत काळ्या भोंग्याचं जे सीओटूचं लाल अग्निशामक दिसतं, त्यात बहुधा साडेचार किलो गॅस असतो. तेवढा गॅस या हिशेबाने पावणेचार मिनिटांत संपला. भरलेल्या पिकअपला पोखरीचा घाट तेवढ्यात पार होत नाही. आणि मिळालं काय, तर सुमारे सहा टक्के जास्त हवा.

ही सहा टक्के हवा पेट्रोल गाडीत कामाला येते. पेट्रोल इंजिनात हवा तापली की ठोका येतो, मग संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद घटते. हवा गार ठेवली की ही घट टळते. ड्रॅगवाले त्यासाठीच फवारा वापरतात. दहा-बारा सेकंदांच्या शर्यतीत पाव किलो गॅस गेला तर कुणाला फिकीर नसते. डिझेलचं तसं नाही. जास्त हवा आली म्हणून डिझेल इंजिन आपोआप जास्त ताकद देत नाही. तिथे ताकद ठरते डिझेलच्या मापावर. हवा गार झाली की धूर कमी होतो, एक्झॉस्टचं तापमान उतरतं, पिस्टनला आणि टर्बोला सुख मिळतं. पण डिझेलचं माप वाढवल्याशिवाय चाकापर्यंत फारसं पोचत नाही, आणि माप वाढवणं म्हणजे पुन्हा संगणकात ढवळाढवळ.

गार देशांत लिहिलेल्या माहितीपत्रकांत सहसा न सापडणारी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३१.१ अंश सेल्सिअस. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये ३१ अंश म्हणजे उन्हाळ्यातले मोजके दिवस. घोड नदीच्या खोऱ्यात फेब्रुवारीच्या अखेरीपासून दुपार त्याच्या वरच असते, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पारा पन्नाशी ओलांडतो. अशा सिलिंडरमध्ये तळाला द्रव आणि वर वायू असा भेदच उरत नाही. सगळंच एक दाट, ना धड द्रव ना धड वायू असं मिश्रण होतं. ते नोझलमधून सुटलं तरी गारवा देतं, पण कमी. २० अंशांच्या सिलिंडरमधून निघणाऱ्या गॅसपैकी तीसेक टक्क्यांचा बर्फ होतो, ४५ अंशांच्या सिलिंडरमधून वीसेक टक्क्यांचाच. किलोमागे मिळणारा एकूण गारवाही साधारण पाचव्या हिश्शाने घटतो. म्हणजे गारव्याची सर्वांत जास्त गरज असलेल्या दुपारी हे यंत्र सर्वांत कमी काम करतं. सिलिंडरच ओल्या गोणपाटात गुंडाळून गार ठेवावं लागेल, असा हा उफराटा प्रकार.

दाबाचं तर त्याहून गंभीर. सीओटूचं सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत. त्यात जितकं पाणी मावेल त्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश एवढाच गॅस भरतात. नीट भरलेल्या सिलिंडरमध्येही ५५ अंशांना दाब दीडशे बारच्या आसपास जातो. एखाद्याने ‘थोडं जास्त घाल’ म्हणून वजनापेक्षा जास्त भरून घेतलं, तर तोच दाब कितीतरी वर चढतो. म्हणून तोंडाशी एक पातळ चकती असते. दाब हाताबाहेर गेला की ती फुटते आणि सगळा गॅस एका दमात बाहेर येतो. सिलिंडर फुटत नाही हे खरं, पण गॅस कुठे येतो? साडेचार किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे मोकळ्या हवेत सुमारे अडीच घनमीटर. बंद मोटारीच्या आतली जागा साधारण तीन घनमीटर. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड झाला तरी तो जिवाला धोक्याचा मानतात, १० टक्क्यांत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहणारी माणसं या भागात होती. हवेपेक्षा दीडपट जड असलेला हा वायू तळाशी साचतो, दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं. गाडीत सिलिंडर ठेवायचंच तर त्या चकतीची नळी बॉडीतून बाहेर काढलेली असायला हवी. लाल अग्निशामक खोलून त्याला नळी जोडण्याचा उद्योग तर करूच नये. त्याचा व्हॉल्व्ह या कामाचा नाही, आणि आग लागेल तेव्हा ते रिकामं सापडेल हे वेगळंच.

कायदाही आहे. दाबाखालच्या गॅसची सिलिंडरं २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात. त्यांची मान्यता ज्या ‘पेसो’कडून लागते, त्या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. सीओटूच्या सिलिंडरची पाण्याच्या दाबाने तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी लागते, तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. परदेशातून हौसेने मागवलेल्या सिलिंडरवर आपल्याकडची मान्यता नसेल तर ते भरून देणारा कायदेशीर माणूस सापडणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलांत परस्पर फेरफार करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरफारामागे पाच हजारांचा दंड होऊ शकतो. शर्यतीच्या बंद धावपट्टीवरची गाडी वेगळी आणि नंबरप्लेट लावून घोडेगावच्या बाजारातून जाणारी वेगळी. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला आला की डिकीतलं सिलिंडर त्याला आधी दिसेल.

मग घाटात गार हवा मिळवायचीच नाही का? मिळते, आणि ती पाण्याने. एक किलो कार्बन डायऑक्साइड २५० किलोजूल पितो. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० लागतात. जवळजवळ दहापट. स्वयंपाकघरातला माठ वर्षानुवर्षं याच हिशेबावर चालतो. पाण्याची मर्यादा एवढीच, की ते उणे ७८ पर्यंत नेऊ शकत नाही. हवेत आधीच किती ओल आहे त्यावर त्याची पोच ठरते. पण एप्रिलच्या कोरड्या दुपारी, ३८ अंश आणि वीस टक्के आर्द्रता असताना, ओलं फडकं २०-२१ अंशांपर्यंत उतरू शकतं. सत्तर अंशांच्या इंटरकूलरला तेवढं पुष्कळ. तोच मघाचा २० अंशांचा उतार पाण्याने साधायचा तर कागदावर सेकंदाला एक ग्रॅम पाणी लागतं. तीन चतुर्थांश वाया गेलं असं धरलं तरी चार ग्रॅम. चार लिटरचा कॅन पंधरा मिनिटांहून जास्त पुरतो. हा नुसता जुगाड नव्हे. सुबारूच्या इम्प्रेझा एसटीआयमध्ये आणि मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशनमध्ये इंटरकूलरवर पाणी मारणारी नोझल कंपनीतूनच बसून येत असे. काचेवर पाणी मारायला गाडीत जो पंप असतो, त्याच जातीचा पंप आणि बारीक तुषार उडवणारं एक नोझल. ठिबकच्या दुकानात मिळणारं फॉगर त्याच कुळातलं. आषाढ-श्रावणात मात्र याची काही गरज नाही. भीमाशंकरच्या ढगात शिरलेल्या गाडीवर वरूनच पाणी पडत असतं.

पाणी कुठलं, हे बघायला हवं. बोअरचं क्षारयुक्त पाणी मारलं तर प्रत्येक थेंब सुकताना पांढरा क्षार मागे ठेवतो आणि एका उन्हाळ्यात पत्र्यांवर पुटं चढतात. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी तर त्याहून वाईट, क्षार त्यातच गोळा झालेले असतात. पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीत घालायचं पाणी चांगलं. गाडीच्या एसीखाली जे पाणी ठिबकतं ते जवळजवळ क्षाररहित असतं, ते नळीने इंटरकूलरवर सोडावं अशी कल्पना अनेकांना सुचते. कल्पना चांगली, पण कोरड्या हवेत ते ठिबकतं थोडंच, आणि घाट सुरू झाला की ड्रायव्हरचा हात सर्वांत आधी एसी बंद करायला जातो.

फवारा पाण्याचा असो की सीओटूचा, तो बसवण्याआधी बोनेट उघडून दोन गोष्टी बघाव्यात, असं माझं मत आहे. पहिली, इंटरकूलरच्या पत्र्या. कडबा, भुसकट, किडे, चिखल यांनी पुढची बाजू बुजलेली असते. पाणी मारून साफ करायची तर मागून पुढे, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर काढायची. प्रेशर वॉशरचा जोराचा झोत जवळून मारला तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो. दुसरी, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी होज पाइप. ‘टर्बो गेला’ म्हणून गॅरेजात आलेल्या गाड्यांपैकी काहींचा टर्बो ठणठणीत असतो. पाइप क्लॅम्पपाशी चिरलेला किंवा निसटलेला असतो. जागेवर रेस केल्यावर चीर मिटलेलीच राहते. चढावर दाब आला की ती उघडते, हवा फुर्रकन निघून जाते आणि मागे काळा धूर. अशा गाडीवर उणे ७८ चा फवारा मारला काय आणि न मारला काय.

चीर शोधायला मेकॅनिक पाइपाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवतो. इंजिनातली तेलाची वाफ टर्बोच्या वाटेने हवेबरोबर येत असते, त्यामुळे पाइपाच्या आत तेलाचा पातळ हात असणं रोजचंच. पण बाहेरच्या बाजूला, क्लॅम्पच्या शेजारी ओलसर काळा पट्टा दिसला आणि त्यावर धूळ चिकटलेली असली, तर हवा तिथूनच जाते आहे. पाइप काढून आतून वाकवून बघितला की चीर दिसते. आणि इंटरकूलरच्या तळाशी तेलाचा पातळ हात नसून चांगलं वाटीभर तेल साचलेलं सापडलं, तर मात्र टर्बोच्या सीलकडे बघायची वेळ आली आहे.